दोन बैठकांच्या मधला गृहपाठ

(अहमदपूर येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

फळ्यावरचा विषय वाचून मागं दोघं-तिघं हसले, ते बरोबरच आहे. खेळाचा गृहपाठ! ज्या जिल्ह्यानं अख्ख्या महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' दिला, तिथं येऊन गृहपाठावर आणखी एक व्याख्यान द्यायचं म्हणजे जरा जास्तीच झालं. पण इलाज नाही, विषय तोच आहे. टेबलाभोवती बसून सोंगं घेऊन जो खेळ खेळतात, त्यात दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत खेळाडूनं किती कष्ट घ्यावेत, आणि कसले?

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कुणी चोर, कुणी वैदू, कुणी तलवारबाज. एक जण सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही नदीकाठी आलात. नाव आहे, नावाडी दिसत नाही." मग बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, त्याच्या तोंडून बोलतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. तीन-चार तास झाले की उठायचं, गोष्ट पुढच्या बैठकीत पुढं चालू. अशी एकेक मोहीम वर्ष-वर्ष चालते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापलं, तिथून या खेळाची छापील परंपरा सुरू झाली. नाव इंग्रजी, पण सोंग घेऊन ऐन वेळी बोलणं ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. त्याकडं येऊच.

आता भांडण कुठं आहे ते सांगतो. जवळजवळ प्रत्येक टेबलावर ते होतं. सूत्रधार म्हणतो, मी रविवारच्या बैठकीसाठी चार रात्री जागलो, आणि हे येऊन विचारतात, "आपण कुठं होतो रे मागच्या वेळी?" खेळाडू म्हणतात, अरे खेळ आहे, दिवसभर कामच करतो आम्ही, इथं पण अभ्यास करायचा का? दोघांचंही खरं आहे, म्हणून भांडण मिटत नाही. मग एक दिवस सूत्रधार म्हणतो, पुढच्या महिन्यात जरा अडचण आहे. तो पुढचा महिना काही येत नाही. टेबलं मोडतात ती बहुतेक अशीच, आवाज न करता.

या भांडणात पुस्तकं काय मदत करतात? आम्ही चाळली तेवढ्यावरून सांगतो, फारशी करत नाहीत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चीच रचना बघा. १९७८ साली खेळाडूंचं पुस्तक निघालं, १९७९ साली सूत्रधाराचं वेगळं. वाटणी तेव्हाच झाली. सूत्रधाराला सांगितलं, जग तू बांध, गावं तू वसव. खेळाडूला दिलं काय, तर मंत्रांच्या याद्या, शस्त्रांच्या किमती. २०१४ च्या आवृत्तीत खेळाडूनं आपल्या पात्राचा स्वभाव, एक आदर्श, कुणाशी वा कशाशी असलेला एक बंध आणि एक दोष लिहावा अशी सोय केली. चांगली सोय आहे. पण ती पात्र उभं करताना एकदा भरायची. लग्नपत्रिकेसारखं, छापली आणि वाटली. पुढं महिनोन्‌महिने खेळताना त्या चार ओळींचं खेळाडूनं घरी काय करायचं, याबद्दल पुस्तकात फार काही हाती लागत नाही.

इथं एक गल्लत होते, ती आधी सोडवू. 'मधला काळ' दोन प्रकारचा आहे. एक पात्राचा, एक खेळाडूचा. पात्राच्या मधल्या काळावर फार सुंदर खेळ झालेत. ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा 'पेंड्रॅगन' घ्या. त्यात मोहीम संपली की हिवाळा येतो; सरदाराच्या घरी मूल होतं, घोडा मरतो, जमिनीचं उत्पन्न येतं, आणि सरदार एका वर्षानं म्हातारा होतो. १९८७ च्या 'आर्स मॅजिका'त जादूगार ऋतू-ऋतू ग्रंथ वाचत बसतात. अगदी २०१७ चा जॉन हार्पर यांचा 'ब्लेड्स इन द डार्क' घ्या, त्यात दोन दरोड्यांच्या मध्ये चोरानं काय करायचं याचे नेमके नियम आहेत. पण हे सगळं टेबलावर बसून, फासे टाकून करायचं आहे. म्हणजे पुस्तकांनी पात्राच्या मोकळ्या वेळेचा छान विचार केला. ज्याला सोमवारी सकाळी दुकान उघडायचंय त्या माणसाच्या मोकळ्या वेळेचा केला नाही.

अपवाद एक आहे, आणि त्याच्यावर जरा थांबू. १९९१ साली एरिक वुजिक यांनी 'अँबर' नावाचा खेळ काढला, रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबऱ्यांवर. यात फासेच नाहीत. प्रत्येक खेळाडूला १०० गुण मिळतात आणि चार क्षमतांसाठी चक्क लिलाव होतो. आपल्या मोंढ्यात होतो तसा, बोली लावायची. ज्याची बोली मोठी तो त्या क्षमतेत पहिला, आणि पहिला तो पहिलाच. फासे नाहीत म्हटल्यावर नशिबानं वर-खाली व्हायचा प्रश्नच नाही. आता गंमत अशी की जो खेळाडू म्हणेल, मी माझ्या पात्राची रोजनिशी लिहीन, किंवा चित्रं काढून देईन, त्याला जास्तीचे गुण मिळतात.

हा नियम पहिल्यांदा वाचला की बरं वाटतं. कुणीतरी खेळाडूच्या घरच्या कामाला किंमत दिली. आणि कल्पना मुळातच वाईट नाही. रोजनिशी वाचून सूत्रधाराला कळतं की आपण सांगितलेल्यातलं यानं काय टिपलं, काय सोडलं. राजवाड्याचं वर्णन आपण पाच मिनिटं केलं आणि याला आठवतोय तो दारातला लंगडा कुत्रा, म्हणजे पुढची गोष्ट कुत्र्यापासून काढायला हरकत नाही. एवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच नाही. पण गुण कशासाठी मिळतात ते बघा. या खेळात गुण म्हणजे ताकद. ज्याच्याकडं लिहायला वेळ त्याचं पात्र बळकट. जी बाई भाकऱ्या करून, पोराचा अभ्यास घेऊन, सासूबाईंची औषधं देऊन टेबलावर येते, तिचं पात्र त्या मानानं दुबळं राहणार. ती काही कमी खेळली म्हणून नव्हे. तिचा वेळ आधीच दुसऱ्यांनी घेतलाय म्हणून.

आणि हे फक्त एका खेळापुरतं नाही. 'अँबर' ज्यांनी ऐकलाही नाही अशा टेबलांवरही ही पद्धत रूढ आहे. रोजनिशीला अनुभवाचे जादा गुण, पात्राची पूर्वकथा लिहून आणली तर एखादी जादूची तलवार. एका शहरातल्या टेबलाची गोष्ट आमच्या कानावर आली आहे, नाव घेण्यात अर्थ नाही. तिथं पाच जण होते, दोन वसतिगृहातली पोरं, तिघं नोकरदार. आठ-दहा बैठकांत पोरांची पात्रं इतकी पुढं गेली की लढाईत बाकीच्या तिघांना करण्यासारखं काही उरेना. तिघांनी तक्रार केली नाही. एकेक करून यायचे थांबले. सूत्रधाराची समजूत अशी की त्यांना आवड नव्हती.

आमच्याकडं तर वेळेचं गणित आणखी वेगळं आहे. जूनमध्ये पेरणी, दसरा-दिवाळीच्या आगंमागं सोयाबीनची काढणी, मळणी. पुढं तूर, हरभरा. ज्याच्या घरी शेती आहे त्याला त्या पंधरवड्यात पात्राची पूर्वकथा लिही म्हणून सांगणं हा चेष्टेचा विषय होईल. उलट परीक्षा संपलेल्या पोराकडं एप्रिल-मेमध्ये वेळच वेळ. मोबदला वेळेला लावला की टेबलावरचा मान वेळेप्रमाणं ठरतो. म्हणून आमचं पहिलं म्हणणं, घरच्या कामाला गुण देऊ नका. कौतुक करा, चहा पाजा. गुण नकोत.

मग काय, काहीच करू नये का? तसंही नाही. आणि इथं आपल्याला बाहेरच्या पुस्तकाची गरज नाही, आपल्याकडं सप्ताह आहे.

इथं बसलेल्यांपैकी सप्ताहाला न गेलेला माणूस सापडायचा नाही. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनकार पुढं उभा असतो, मागं टाळकरी, गायक, बाजूला मृदंग. लोक कीर्तनकाराचं नाव ऐकून येतात, पण कीर्तन रंगतं की पडतं ते बरंचसं मागच्या रांगेवर ठरतं. बुवा निरूपणाच्या भरात एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतात, प्रमाण म्हणून. कुठला अभंग घेणार हे आधी सांगितलेलं नसतं. मागच्यांनी तो तिथल्या तिथं उचलायचा. उचलला की बुवांना श्वास घ्यायला जागा मिळते, विचार पुढं न्यायला वेळ मिळतो, मंडपात जोर येतो. उचलला नाही तर बुवांना सगळा अभंग एकट्यानं म्हणावा लागतो. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा ते प्रमाण देणंच सोडतात आणि नुसतं बोलत राहतात. समोरचे माना टाकायला लागतात.

आता या टाळकऱ्यानं घरी काय केलेलं असतं? गाथा पाठ केलेली असते. शेतात, म्हशीमागं, एसटीत. पण कीर्तन त्यानं लिहून आणलेलं नसतं. आज बुवा काय बोलणार आणि त्यावर मी काय म्हणणार हे त्यानं ठरवलेलं नसतं. त्याची तयारी अशी आहे की ती दुसऱ्याच्या हाकेशिवाय उपयोगातच येत नाही. हा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि दुसऱ्या बाजूचा टाळकरीही तुम्ही पाहिला असेल. पाठांतर भरपूर, गळा चांगला, आणि बुवांनी एक शब्द उच्चारला की हा पाचही चरण आळवून म्हणतो, वर दोन ताना. बुवा हात जोडून उभे. पाठांतर त्याचंही खरंच आहे, पण कीर्तन त्यानंही पाडलं.

टेबलावरचा सूत्रधार असाच प्रमाणं देत असतो. "दाराशी तो लाल पागोट्याचा माणूस उभा आहे." बस, एवढंच म्हणतो. तीन बैठकांपूर्वी याच माणसानं तुम्हाला फसवलं होतं. टेबलावर एक जण जरी म्हणाला, "हा तर तोच!", तर पुढची वीस मिनिटं सूत्रधाराला काही करावं लागत नाही, टेबल आपोआप चालतं. कुणालाच आठवलं नाही तर त्याला स्वतःच खुलासा करावा लागतो, "अरे, हा तो, नाही का, बाजारातला..." आणि समजावून सांगितलेल्या विनोदासारखं ते थंड पडतं. सूत्रधार थकतो तो तयारीनं कमी, आणि टाकलेला शब्द कुणी न उचलल्यानं जास्त.

तेव्हा खेळाडूचं घरचं पहिलं काम आठवणीचं. ते फार मोठं नाही. बैठक संपली त्याच रात्री, झोपायच्या आधी, वहीत पाच-सहा ओळी: कोण भेटलं, कुणाचं काय देणं राहिलं, काय कळलं नाही. पुढच्या बैठकीला निघताना त्या वाचायच्या. पंधरा मिनिटांच्या वर हे जात नाही. आणि बैठकीच्या सुरुवातीला 'मागील भागात' सांगायचं काम सूत्रधाराकडून काढून घ्यायचं. दर वेळी वेगळ्या खेळाडूनं सांगावं. चुकीचं सांगितलं तरी चालेल, बाकीचे दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्तीतच सगळे खेळात येतात. आमच्या टेबलावर हे फार उपयोगी पडलं, इतकं की कधी कधी चुकीचं सांगितलेलंच सूत्रधाराला जास्त आवडतं आणि तो तेच खरं धरतो.

दुसरं काम हव्यासाचं. म्हणजे काय, तर आपल्या पात्राला पुढं काय हवंय हे ठाऊक असणं. एका वाक्यात. "मला त्या सावकाराच्या घरातली वही चोरायचीय." मायकेल शे नावाच्या अमेरिकन लेखकानं सूत्रधारांसाठी कमीत कमी तयारीची पुस्तकं लिहिली आहेत, पहिलं २०१२ चं, त्यानंतरचं २०१८ चं. त्या दुसऱ्या पुस्तकात तयारीच्या आठ पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी ही की, आधी खेळाडूंची पात्रं पुन्हा एकदा नजरेखालून घाला. नकाशा नंतर, राक्षस नंतर. हा सल्ला अगदी बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे की त्या पात्रांत बघण्यासारखं काही आहे. ज्या पात्राला काही नकोच आहे, त्याच्याकडं पाहून सूत्रधार काय तयारी करणार? मग तो बिचारा राजे, युद्धं, भविष्यवाण्या असलं मोठमोठं आणतो, आणि खेळाडू पाहुण्यासारखे बसून बघतात.

म्हणून आम्ही म्हणतो, बैठक उठायच्या आधी पाच मिनिटं राखून ठेवा आणि सूत्रधारानं विचारावं, "पुढच्या वेळी कुठं जाणार?" सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं आणि शक्यतो ते पाळायचं. एवढ्यानं सूत्रधाराच्या चार रात्रींची एक रात्र होते, कारण त्याला चार वाटांऐवजी एकाच वाटेची तयारी करायची असते. सूत्रधार जास्त राबतो म्हणून खेळाडूंनीही तेवढंच राबावं, हा हिशेब आम्हाला पटत नाही. त्याचं राबणं कमी करता येतं, आणि ते बरचसं खेळाडूंच्या हातात आहे. (स्वतःच्या पात्राच्या कागदावरचा मंत्र काय करतो हे दर वेळी सूत्रधाराला विचारणं हेही यातच येतं. आपला कागद आपण वाचावा. याच्यावर व्याख्यान कशाला?)

आता उलट्या टोकाकडं. काही खेळाडू कमी करत नाहीत, फार करतात. दहा पानांची पूर्वकथा. पात्राचा जन्म, आईवडिलांचा खून, गुरू, गुरूचा शत्रू, शत्रूची मुलगी. त्यातलं वाईट काही नसतं, कधी कधी लिहिलेलंही छान असतं. पण टेबलावर हा खेळाडू अवघडतो असं आम्ही वारंवार पाहिलंय. कारण त्याच्या पात्राला जे व्हायचं ते घरीच होऊन गेलंय. दुसऱ्यानं त्याच्या गुरूबद्दल काही म्हटलं की तो म्हणतो, "नाही नाही, माझा गुरू असा नाही."

यासाठी मराठी रंगभूमीच्या इतिहासात एक फार चपखल शब्द पडून आहे. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्या नाटकांची घडण मात्र शाळेत सांगत नाहीत. भाव्यांनी लिहिली ती पदं, आणि ती म्हणायची सूत्रधारानं. पात्रांची गद्य भाषणं लिहिलेलीच नव्हती. कथा सगळ्यांना ठाऊक, सूत्रधारानं पदात प्रसंग सांगितला की राम, रावण, जनक आपापल्या अकलेनं बोलायचे. एक सूत्रधार, ठरलेला प्रसंग आणि न ठरलेलं बोलणं! १९७४ च्या अमेरिकेआधी एकशे एकतीस वर्षं. फासे तेवढे नव्हते. आम्ही काही 'हे आमच्याकडं आधीच होतं' म्हणणाऱ्यांतले नाही, तो खेळ वेगळा आणि हा वेगळा. पण नटाची अडचण तीच होती. पुढं १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं आणि भाषणं लिहून पाठ करायची नाटकं सुरू झाली. अशा नाटकांना लोकांनी नाव दिलं, 'बुकिश'. पुस्तकी.

बुकिश नाटकांनी मराठी रंगभूमी मोठी केली, त्यात वाद नाही. पण तिथं लिहिणारा एक होता आणि त्यानं सगळ्यांची भाषणं लिहिली होती, म्हणून ती एकमेकांना जुळत. टेबलावर पाच जण पाच वेगवेगळी बुकं घेऊन आले तर काय होणार? प्रत्येक जण आपलं भाषण म्हणायला जागा शोधतो. ऐकत कुणीच नाही.

बुकाशिवाय रात्रभर उभं राहायचं कसं, हे बघायचं असेल तर कोकणात आणि गोव्यात जत्रेचे दशावतार बघावेत. आजही त्यांचे संवाद लिहिलेले नसतात. आज कुठलं आख्यान, कुणाचा प्रवेश कधी, एवढं आधी ठरतं, बाकी रंगमंचावर. त्या नटांची तयारी नाही असं कोण म्हणेल? पुराणातल्या कथा त्यांच्या अंगात मुरलेल्या असतात. समोरच्यानं एखादा दाखला दिला की त्यावर तोडीस तोड दाखला निघतो. तयारी आहे, पण ती ठरावीक वाक्याची नाही, आणि टाळकऱ्यासारखीच समोरच्यानं काही म्हटल्याशिवाय ती दिसत नाही.

तेव्हा घरी काही लिहिलं, काढलं, रचलं, तर आम्ही त्याला एकच गोष्ट विचारतो: यानं टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला काही करायला मिळतं का? "माझ्या पात्राच्या भावाला कुणीतरी मारलं आणि मारणारा अमुक होता, त्याचा मी सूड घेतला", इथं दुसऱ्याला शिरायला दार नाही. "माझा भाऊ नांदेडच्या बाजारात हरवला, त्यानंतर दिसला नाही", इथं चार दारं आहेत. दुसरा खेळाडू म्हणू शकतो, मी त्याला पाहिलंय. सूत्रधार त्याला म्हातारा करून आणू शकतो. आणि हे लिहायला एक ओळ लागली. गावाचा नकाशा काढून आणणाऱ्या पोराचं आम्हाला म्हणूनच कौतुक वाटतं. नकाशा टेबलाच्या मधे ठेवला की तो पाचही जणांचा होतो, त्यावर कुणीही बोट ठेवतं आणि म्हणतं, इथं काय आहे? तीन तास घालवले असतील त्यानं, घालवू दे. त्याची हौस आहे. दुसऱ्यानं तसेच घालवावेत असं मात्र तो म्हणायला लागला तर त्याला थांबवावं लागेल.

यूट्यूबवरचे कार्यक्रम बघून अपेक्षा वाढल्यात, तेही बोललं पाहिजे. 'क्रिटिकल रोल' २०१५ पासून चालू आहे, आमच्यातल्या निम्म्या लोकांना हा खेळ तिथूनच कळला. बघायला उत्तम. पण ते सगळे आवाजाचे व्यावसायिक कलावंत आहेत. तो कार्यक्रम हेच त्यांचं काम आहे. त्यांच्याइतकी तयारी आपल्या टेबलावर मागणं म्हणजे गल्लीतल्या टेनिस बॉलच्या सामन्यात पोरांना रणजीचं वेळापत्रक लावण्यासारखं आहे.

आणि ज्या पोरांना हे सांगतोय त्यांचा दिवस कसा असतो ते या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सकाळी शिकवणी, मग कॉलेज, मग पुन्हा शिकवणी, रविवारी सराव परीक्षा. प्रत्येक गोष्टीला गुण आणि प्रत्येक गुणाला क्रमांक. त्यातल्या काही जणांनी आठवड्यातले तीन तास असे शोधून काढलेत की जिथं क्रमांक नाही. तिथंही वही तपासायला कुणी बसलं, तर पोरं नाही म्हणणार नाहीत. त्यांना सवय आहे. पूर्वकथा लिहितील, रोजनिशी लिहितील, सुंदर अक्षरात लिहितील. आम्हाला त्या सवयीचीच धास्ती वाटते.

इथं थांबत होतो, पण चिठ्ठी आली आहे. प्रश्न असा: "सर, एखादा खेळाडू पंधरा मिनिटंही देत नाही, दर वेळी कोरा येतो. त्याला काढावं का?"

पुन्हा सप्ताहातच जाऊ. टाळकऱ्यांच्या रांगेत सगळ्यांना गाथा पाठ असते का? नसते. कडेला दोघं-तिघं असे असतात की ज्यांना अभंग येत नाही, ताल मात्र येतो. ते टाळ वाजवतात, शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघून ओठ हलवतात. त्यांना कुणी रांगेतून काढत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी बघावं तर त्यातला एक जण पुढं उभा राहून चाल धरत असतो. फक्त मधे तीन-चार पक्के पाहिजेत. टेबलावर पाच जणांत दोघांना मागचं आठवत असलं तर बैठक चालते, आमचा अनुभव असा आहे. कोरा येणारा ऐकत असेल, दुसऱ्याच्या बोलण्यावर हसत असेल, फासे पडताना पुढं वाकून बघत असेल, तर त्याला राहू द्या. तो मोबाइल बघत असेल, तर ती गोष्ट गृहपाठाची नाहीच. त्याला बाजूला घेऊन विचारा, बाबा, तुला यायचंय का खरंच? पुष्कळदा उत्तर निघतं की यायचंय, पण रविवार जमत नाही, बाजारचा दिवस असतो. मग वार बदला.